विनामूल्य शिक्षणाची किंमत



ही पुस्तिका वाचत असताना शिक्षणाचे दुसरे एक दालनही तुमच्यासाठी उघडे आहे. सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये ‘एनपीटीईएल’ हा व्याख्यानमालांचा उपक्रम सुरू केला. पुढे ९ जुलै २०१७ रोजी केंद्र शासनाच्या ‘स्वयम्’चे उद्घाटन झाले. चित्रित व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वाध्याय आणि शंकाचर्चा ही त्याची चार अंगे. लेखाशास्त्रापासून तत्त्वज्ञानापर्यंत पाहिजे तो विषय शिकावा. वयाची अट नाही, शुल्क नाही. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेचे शुल्क भरायचे.

बुलढाणा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी भाषाविज्ञान शिकवतो आणि रविवारी अभ्यासकेंद्रावर तुमच्यासारख्या प्रौढ विद्यार्थ्यांना भेटतो. त्यांच्यापैकी अनेकांनी अशा अभ्यासक्रमांत नाव नोंदवलेले असते. ‘पूर्ण झाला का?’ असे विचारले की मात्र बहुतेक जण हसून विषय बदलतात.

यात त्यांनी ओशाळण्याजोगे काही नाही. हार्वर्ड आणि एमआयटी या विद्यापीठांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा एक अभ्यास २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी केवळ ३.१३ टक्क्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला होता. शंभरांत जेमतेम तीन! यांतील पुष्कळ जण नुसते डोकावून जाणारे असतात, हे खरे. तरीही उरलेल्यांची गळती आळसाच्या माथी मारणे मला पटत नाही.

आपल्याकडचे एक कारण शेतीच्या दिनक्रमात आहे. ‘स्वयम्’चे एक सत्र जुलैत सुरू होते. तेव्हा आपल्याकडे डवरणी आणि निंदण चाललेले असते. त्याच्या परीक्षा येतात त्या सोयाबीन घरात आणण्याच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत. दर आठवड्याचा स्वाध्याय ठरलेल्या तारखेला द्यायचा असतो आणि पाऊस काही त्या तारखा पाहून येत नाही. शेतीशी ज्यांचा संबंध आहे त्यांनी जानेवारीचे सत्र निवडावे, तेही चार आठवड्यांच्या एखाद्या लहान अभ्यासक्रमापासून, असे मी आग्रहाने सांगतो. एकदम तीन-चार विषयांत नाव घालणारे विद्यार्थी माझ्या पाहण्यात सर्वांत लवकर थकले आहेत.

दुसरे कारण भाषेचे आहे आणि मराठीचे विद्यार्थी म्हणून तुमचा खरा संबंध याच कारणाशी येतो. यांतील बहुतेक व्याख्याने इंग्रजीत असतात. एनपीटीईएलच्या काही व्याख्यानांची मराठी रूपांतरे उपलब्ध आहेत आणि मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातील संगणकाचे अनेक धडे मराठी आवाजात ऐकता येतात. परंतु शब्दांचे भाषांतर झाले म्हणजे विषय मराठीत आला असे होत नाही.

नांदुरा तालुक्यातील एक अंगणवाडी सेविका आमच्या केंद्रावर येत. त्यांनी भाषाविज्ञानाची काही इंग्रजी व्याख्याने मोबाईलवर ऐकली होती. एका रविवारी त्या म्हणाल्या, “सर, समजून तं रायलं, पण सांगता येऊन नाही रायलं.” त्या अडल्या होत्या ‘स्वनिम’ या संकल्पनेपाशी. व्याख्यात्याने उदाहरण दिले होते ‘पिन’ आणि ‘स्पिन’ या इंग्रजी शब्दांचे. ‘पिन’मधील प उच्चारताना इंग्रज माणसाच्या तोंडून जोराचा श्वास बाहेर पडतो, ‘स्पिन’मध्ये तो पडत नाही, इंग्रजीत मात्र हे दोन स्वन एकाच स्वनिमाची रूपे ठरतात, कारण त्यांच्यामुळे अर्थ बदलत नाही. आता गंमत पाहा. आपल्यातील बहुतेकांच्या उच्चारात दोन्हीकडचा प सारखाच असतो, त्यामुळे हा फरक आपल्या कानाला सापडतच नाही. शिवाय मराठीत त्याच श्वासाने अर्थ बदलतो. ‘ताट’ वेगळे, ‘थाट’ वेगळा. म्हणजे इंग्रजी भाषकाला जे समजावण्यासाठी हे उदाहरण योजले आहे, त्याच्या नेमके उलट आपल्या भाषेत घडते. बाईंची बुद्धी कमी पडली नव्हती. उदाहरण परके होते.

मी त्यांना ‘जग’ हा शब्द दोनदा उच्चारायला सांगितला. एकदा ‘सारे जग’ म्हणताना आणि एकदा ‘सुखाने जग’ म्हणताना. लेखनात अक्षर एकच, पण पहिला ज तालव्य आणि दुसरा दंततालव्य. दोन अर्थ, म्हणून दोन स्वनिम. त्या क्षणभर थांबल्या, मग स्वतःच म्हणाल्या, “तसंच ‘चार’चं. चार लेकरं, अन् गाईले चार.” तेथून पुढे मला फारसे बोलावेच लागले नाही. पुढच्या भेटीत त्यांनी वहीत घरची यादी करून आणली होती: डोळा–डोया, केळ–केय, काळा–काया. प्रमाण मराठीतील ळ वऱ्हाडीत य कसा होतो, याची ती यादी होती. ती कोणत्याही व्याख्यानात नव्हती.

विनामूल्य शिक्षणाची किंमत मोजावी लागते ती अशी. व्याख्यान ऐकून झाल्यावर वही मिटू नका. ऐकलेल्या प्रत्येक संकल्पनेला आपल्या घरातले, शेतातले, बाजारातले निदान एक उदाहरण शोधा आणि ते मराठीत लिहा. अर्थशास्त्र ऐकत असाल तर खामगावच्या कापूस बाजाराचे, भूविज्ञान ऐकत असाल तर लोणारच्या विवराचे. या कामाला लागणारी साधनेही घरबसल्या मिळतात. मराठी विश्वकोशाचे खंड संकेतस्थळावर खुले आहेत. मोल्सवर्थचा १८५७ च्या आवृत्तीचा शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर चाळता येतो.

ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली निघाला. तोही आज विनामूल्य वाचायला मिळतो. बोलींचे नमुने गोळा करताना त्याने ठिकठिकाणी एकच गोष्ट सांगवून घेतली होती, बायबलमधील उधळ्या मुलाची. त्यात वऱ्हाडीचाही नमुना आहे. त्या बाईंनी तीच गोष्ट आपल्या सासूबाईंना सांगितली, त्यांच्या तोंडून पुन्हा वदवून घेतली आणि मोबाईलवर ध्वनिमुद्रित केली. आता शंभरहून अधिक वर्षांच्या अंतराने सांगितलेल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवून कोणती क्रियापदे बदलली, ते त्या वहीत टिपत आहेत.