शोधनिबंधातली वाट

हिर्डोशी खोऱ्यावर शोधनिबंध लिहायला बसलेल्याची लेखणी बहुतेक वेळा बाजीप्रभूंपासून सुरू होते. ते साहजिकही आहे. बाजीप्रभू याच खोऱ्याचे, म्हणजे हिरडस मावळचे, देशपांडे, बांदल देशमुखांचे सहकारी. मात्र साहित्याच्या संशोधनपत्रिकेकडे निबंध पाठवला की परीक्षक आपल्या अभिमानात सहभागी व्हायला बसलेला नसतो. हे विधान कोणत्या कागदावर, कोणत्या पाठावर, कोणी म्हटलेल्या ओळीवर उभं आहे, आणि मला स्वतः तिथवर जाऊन ते पाहता येईल का, एवढंच तो विचारतो. शोधनिबंधाची खरी कसोटी मी इथेच मानतो. निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला तरी पुराव्यापर्यंतची वाट नीट दाखवणारा निबंध कामाचा राहतो.

याचा दाखला शेजारच्या रोहिडखोऱ्यातच आहे. कारीच्या जेधे घराण्याची शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि 1916 साली ती भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे छापली गेली. तिच्यात शिवजन्माची तिथी शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया अशी होती. तोवर रूढ होती शके 1549, वैशाख शुद्ध द्वितीया. एका घराण्याच्या टिपणावर विसंबून कोणी मत बदलावं का? बदलू नयेच. पण मजकूर छापला होता, तो कुठून आला हे ठाऊक होतं, म्हणून त्याच्याशेजारी दुसरी साधनं ठेवून पाहता आली. 1927 साली स. म. दिवेकरांनी ‘शिवभारत’ प्रसिद्ध केलं, त्यातही हीच तिथी निघाली. तरी वाद बरीच वर्षं चालला, आणि तो चालू शकला हेच महत्त्वाचं. उलट बाजूचं उदाहरणही याच खोऱ्यातलं. शिवाजी महाराजांनी दादाजी नरसप्रभूंना लिहिलेलं म्हणून प्रसिद्ध असलेलं 1645 चं पत्र इतिहाससंशोधक राजवाड्यांनी छापलं, आणि पुढे काही अभ्यासकांनी त्याच्या अस्सलपणावरच शंका घेतली. पत्राचा नुसता सारांश छापला असता, तर त्यांना शंका घ्यायलाही आधार उरला नसता.

हे सगळं इतिहासाचं झालं, साहित्यात रसग्रहण पुरतं, असं कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. जात्यावरच्या ओव्याच घ्या. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी मुळशीपासून सुरुवात करून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव यांसकट. ओवीला मूळ प्रत नसते, प्रत्येक बाई ती थोडी वेगळी म्हणते. त्यामुळे कोणाची, कुठली हे सांगणं इथे पोथीपेक्षाही जास्त गरजेचं. हिर्डोशीतल्या एखाद्या बाईची रचना तिला विचारून, तिच्या नावानिशी न देता नुसती ‘लोकगीत’ म्हणून छापली, तर रसग्रहण कितीही सुंदर असो, ते तपासता येत नाही आणि त्या बाईवरही अन्याय होतो.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. प्राध्यापकाला बढतीसाठी निबंध दाखवावे लागतात. मग पैसे घेऊन झटपट छापणारी नियतकालिकं जवळची वाटतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 साली मान्य नियतकालिकांची केअर यादी आणली, 2025 मध्ये ती बंद केली. अशा बदलत्या नियमांत माणसाची ओढाताण होते, हे मान्य. पण कोणत्याही यादीत असणारं नियतकालिक निबंधाला पुरावा पुरवत नाही. ग्रंथालय लांब, ही भोर-वेल्ह्यातल्या शिक्षकाची अडचणही खरी आहे. तरी पुण्यातल्या ग्रंथालयांत आठवडाभर बसून छापील साधनं पाहता येतात. ओव्या, गावांची नावं, घरोघरची दप्तरं मात्र पुण्याच्या अभ्यासकाला इथे आल्याशिवाय मिळत नाहीत. या बाबतीत हिर्डोशीचा शिक्षक त्याच्या पुढेच आहे.

म्हणून या खोऱ्यात लिहिणाऱ्यांना एक विनंती. निबंध पाठवण्याआधी मजकूर बाजूला ठेवून फक्त तळटीपा वाचा. त्यांच्या आधारे अनोळखी माणूस प्रत्येक साधनापर्यंत पोहोचत असेल तर निबंध पाठवा. नसेल तर संपादकाने विचारण्याआधी त्या पुऱ्या करा.