आचारी की आचार्य?

आम्ही इंदूरचे, चौथी पिढी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि फावल्या वेळात एका ओपन सोर्स प्रोग्रामचं काम बघतो. जुन्या फायलींमधला देवनागरी मजकूर साफ करणारा छोटासाच प्रोग्राम. पगार कुणालाच नाही, त्यामुळे माणसं येतात आणि जातात. ज्याने तो मुळात लिहिला, तो नोकरी बदलल्यावर दिसेनासा झाला. मग दोघं आली, तीही गेली. शेवटी सगळं माझ्याकडे आलं.

कोडमध्ये एक विचित्र ओळ होती: न दिसणारी सगळी चिन्हं काढा, फक्त 'र्'नंतरचं ठेवा. का, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं आणि विचारायला कुणी नव्हतं. मी ती ओळ उडवली. चाचण्या चालवल्या, सगळ्या पास. चाचण्या हिंदीच्या होत्या.

आठ महिन्यांनी, दिवाळीत, आईने टाइप करून ठेवलेल्या आजीच्या आठवणी त्याच प्रोग्राममधून काढून घरच्या ग्रुपवर टाकल्या. लगेच आईचा फोन.

"अरे, 'पंगतीआधी आचार्यांना वाढा' हे काय? आचार्यांना सगळेच वाढतात! आजी आचाऱ्यांना आधी जेवू घालायची. चुलीपुढे राबणारा उपाशी नको म्हणून."

जुन्या टायपिंगमध्ये आपला 'ऱ्य' बऱ्याचदा एका न दिसणाऱ्या चिन्हावर उभा असतो. ते काढलं की त्याचा रफार होतो. हिंदीला त्याची गरज पडत नाही. मूळ लिहिणाऱ्याला हे ठाऊक होतं. तो गेला, ओळ राहिली, कारण मात्र त्याच्याबरोबर गेलं. मराठी असून मला ते सुचलं नाही, हे जास्त लागलं.

आईकडे मूळ फाइल होती म्हणून आजीचं वाक्य परत मिळालं. मधल्या काळात इतरांनी साफ केलेल्या फायलींत कुठे आचारी होता नि कुठे आचार्य, हे आता प्रोग्राम सांगू शकत नाही.

त्याच रात्री ओळ परत घातली. वर कारण लिहिलं. चाचण्यांत मराठी शब्द घातले: दुसऱ्या, तऱ्हा, वाऱ्यावर, पहिला 'आचाऱ्यांना'. आता कुणी ती ओळ काढली तर चाचणी तिथेच अडेल. फुकट काम करणाऱ्याला बांधून ठेवता येत नाही, उद्या मीही जाईन. पण जाताना 'का' मागे ठेवून जाईन.

तुम्हीही घरच्या जुन्या फायली साफ करत असाल, तर मूळ प्रत जपून ठेवा. आणि एकदा आईला वाचायला द्या.