ऊदाचा कुलवृत्तांत

हर्णेला आलेला पाहुणा संध्याकाळी बंदरावरचा मासळीचा लिलाव बघतो, सुवर्णदुर्गाचे फोटो काढतो, कड्यावरच्या गणपतीचं दर्शन घेतो आणि परत फिरतो. आंजर्ल्याला जाताना जोग नदीची खाडी लागते, तिथे मात्र तो थांबत नाही. थांबायला आहे तरी काय तिथे? ओहोटीला उघडा पडलेला चिखल, खारफुटी आणि पाग टाकून उभा असलेला एखादा माणूस. मला विचाराल तर या मुलखातलं सगळ्यांत जुनं घराणं कोकणातल्या अशा खाड्यांतूनच नांदतं. किल्ल्यांहून जुनं, बंदरांहून जुनं, आपणा माणसांहूनही जुनं.

ते घराणं ऊदाचं. कुणी त्याला पाणमांजर म्हणतं. स्वारी सहसा दर्शन देत नाही, खूण मात्र ठेवून जाते. भरतीच्या रेषेवर एखादा सपाट खडक असतो, त्यावर विष्ठेचे काळपट थर पडलेले असतात. वाकून पाहिलं की त्यात चांदीसारखे चकाकणारे खवले दिसतात, मणक्यांचे बारीक मणी, काटे, क्वचित खेकड्याच्या कवचाचा तांबूस तुकडा. ताजी असेल तर नाकाला पदर लावावा असा वास. सगळा कळप त्याच जागी पुन्हा पुन्हा येतो. पाग टाकणाऱ्यांचा ऊदावर राग असतो, कारण तो जाळ्यातली मासळी खातो आणि वर जाळंही फाडतो. त्या रागाला मी नावं ठेवणार नाही. जाळं शिवायला मला बसायचं नसतं.

कोकणी माणसाला कुलवृत्तांताचं भारी वेड. मूळपुरुष कोण, शाखा किती, दत्तक कोण गेलं, याची जाडजूड पुस्तकं घराघरांत असतात. ऊदाचा कुलवृत्तांतही अडीचशे वर्षांहून अधिक काळ लिहिला जातोय आणि त्यात आपल्या वृत्तांतांहून जास्त खाडाखोड आहे. 1758 मध्ये लिनियसने युरोपातला ऊद सरळ वीझलच्याच प्रजातीत घातला. आपल्या खाड्यांतला, मऊ तुळतुळीत अंगाचा ऊद 1826 मध्ये इझिदोर जॉफ्रॉय सँ-हिलेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने सुमात्रातल्या नमुन्यावरून नोंदवला. 1865 मध्ये लंडनच्या जॉन एडवर्ड ग्रेने त्याला स्वतंत्र चूल मांडून दिली: लुट्रोगेल. त्या चुलीवर आज हा एकटाच जेवतो. या प्रजातीतली दुसरी कुठलीही जात जिवंत नाही.

घराण्यात माणसं बरीच आहेत. वीझल, मार्टेन, बॅजर, शिवाय आपल्याकडचं चांदी अस्वल, जे अस्वल मुळीच नाही. त्या बिचाऱ्याला तर 1776 मध्ये पहिली नोंद करणाऱ्याने जवादी मांजरांच्या कुळात बसवलं होतं. स्कंक वर्षानुवर्षं याच घराण्यात गणला जाई. जनुकं तपासल्यावर गेल्या शतकाच्या शेवटी त्याला वेगळं काढलं. आणि हर्णेच्या कुठल्याही परसातून पळणारं मुंगूस? लांबट अंग, आखूड पाय, चाल सगळी वीझलची. पण ते निघालं मांजरांच्या बाजूचं. ऊद कुत्र्या-अस्वलांच्या बाजूचा. या दोन बाजू कोट्यवधी वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्या. चेहरेपट्टीवरून सोयरीक ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

तरी डोळ्यांनी ओळखण्यासारखं थोडं आहेच. प्राणिशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पोकॉक ऊदांची नाकं बघत बसे. युरेशियन ऊदाच्या नाकावरची उघडी कातडी जिथे केसांना मिळते तिथली कड नागमोडी असते. आपल्या ऊदाची जवळजवळ सरळ. शिवाय शेपूट टोकाकडे चपटं. नाकाच्या कडेवर आयुष्यातले महिने घालवणारी माणसं मला फार आवडतात.

मूळपुरुषाचा शोध मात्र खडकांत घ्यावा लागतो. फाल्कनर आणि कॉटली यांनी एकोणिसाव्या शतकात शिवालिकच्या टेकड्यांतून जे जीवाश्म गोळा केले, त्यांत एका दांडग्या ऊदाचे अवशेष होते. बोथट, गोलसर दाढा, कवचं फोडायला केलेल्या. त्याचं नाव एनहायड्रिओडॉन. त्याच प्रजातीतल्या इथिओपियातल्या एका जातीचं वर्णन 2022 मध्ये आलं. वजनाचा अंदाज 200 किलोच्या आसपास, म्हणजे सिंहाएवढा ऊद! हा आपल्या ऊदाचा थेट आजोबा नव्हे, चुलत शाखेतला. ती शाखा बुडाली.

मग जवळचं कोण? 2008 मध्ये या साऱ्या कुळाच्या जनुकांची मोठी तुलना छापून आली, तेव्हा लुट्रोगेलच्या शेजारी येऊन बसला लहान नख्यांचा ऊद. सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या ओढ्यांत दगडाखाली बोटं घालून खेकडे चाचपणारा, पाच किलोही न भरणारा, जगातला सर्वांत लहान ऊद. आपला खाडीतला दहा किलोपर्यंत जाणारा, मासे पाठलाग करून धरणारा. अंगाने, आहाराने, राहणीने दोन टोकं. पण सिंगापूरमध्ये या दोघांचा संकर झाल्याचं 2017 मध्ये जनुकांवरून सिद्ध झालं. तरीही बहुतेक याद्यांत दोघांची प्रजात अजून वेगळीच छापली जाते. मला विचारलं तर ही चूल एक करायला हरकत नसावी.

पश्चिमेकडे आपला खाडीतला ऊद थेट इराकच्या दलदलीपर्यंत पसरला आहे. तिथून गॅव्हिन मॅक्सवेल या लेखकाने 1956 मध्ये एक पिल्लू लंडनला नेलं. तपासणीत ती उपजातच नवी निघाली आणि तिला मॅक्सवेलचं नाव मिळालं. पाळीव ऊदाचं वेड मात्र पुढे वाढतच गेलं, पिल्लांची चोरटी विक्री होऊ लागली. अखेर 2019 मध्ये आपल्या आणि लहान नख्यांच्या, अशा दोन्ही ऊदांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. तेव्हा खाडीकाठी कुणाला एकटं पिल्लू सापडलं तर घरी नेऊ नका. आई बहुधा जवळच असते. पिल्लू जखमी असेल तरच वनखात्याला कळवा.