वेताळ परत अवसरीला!

शनिवारी चाकणचं ट्रॅफिक पार करेपर्यंतच अर्धा जीव गेला. पाठीवर सॅक, सॅकमध्ये विटेसारखं जड पुस्तक. मंचरजवळ हायवे सोडला आणि कांद्याच्या, उसाच्या वासातून अवसरी खुर्द गाठलं. पुण्यातल्या बऱ्याच जणांना हे गाव २००९ साली सुरू झालेल्या सरकारी इंजिनीअरिंग कॉलेजमुळे माहीत असतं. माझ्यासाठी अवसरी म्हणजे मामाचं गाव आणि मामांच्या पत्र्याच्या पेटीतला वेताळ.

इंद्रजाल कॉमिक्स आठवतंय? (नसेल तर घरातल्या एखाद्या काकाला विचारा, तासभर सुटका नाही.) टाइम्स ऑफ इंडिया समूहाने १९६४ साली सुरू केलं, १९९० साली बंद झालं. ली फॉकचा फँटम त्यात चक्क मराठी बोलायचा, वेताळ या नावाने. काय नाव शोधलं होतं राव! आमच्याकडे गावोगावी वेताळाचं ठाणं, पुण्यात तर अख्खी टेकडी. कवटीच्या गुहेत राहणारा तो माणूस मला कधी परका वाटलाच नाही.

आणि दहावीच्या सुट्टीत मी ती पेटी रिकामी केली. रद्दीवाल्याला, किलोवर! त्या पैशांत मंचरला मिसळ चापली. मामा एक शब्द बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

हर्मीस प्रेस या अमेरिकन प्रकाशकाने २०१०पासून फँटमच्या वर्तमानपत्रांतल्या पट्ट्या खंडांमध्ये काढायला घेतल्या. पहिला खंड १९३६-३७चा, चित्रं रे मूरची. मी तोच मागवला. किंमत बायकोला अजून सांगितलेली नाही.

मामांनी ओसरीवर बसून, चष्मा पुसून पानं उलटली. "रंग कुठं गेलं रं?"

रोजच्या पट्ट्या ब्लॅक अँड व्हाइटच असायच्या, जांभळा पोशाख १९३९ साली रविवारच्या पानावर आला, असं मी ज्ञान पाजळलं. पुस्तक इंग्रजी, म्हणून गोष्टही मीच सांगायला घेतली. "तर हे सिंग नावाचे समुद्री चाचे..."

"सिंग न्हाई. सिंगा."

बरोबर होतं त्यांचं! इंद्रजालने सिंगचं सिंगा केलं होतं, बेंगालाचं डेंकाली. वाचकांना आपलेच सिंग आणि आपलंच बंगाल आठवू नये, म्हणूनच बहुधा. अस्सल आवृत्ती माझ्या हातात होती, तरी चुकलो मीच. मग पानोपानी मामा दुरुस्त्या करत गेले आणि मला रद्दीत गेलेला एकेक अंक दिसायला लागला. कागद, छपाई सगळं झकास, पण हा वेताळ मराठी कुठं बोलत होता?

अंधार पडायला लागला तशी मामी ओरडली, "निघायचं तर आत्ताच निघ, उसात बिबट्या आहे." मी मुक्काम केला. रात्री धीर करून म्हटलं, "मामा, त्या पेटीचं..."

मामा उठले. पुस्तक पेटीत ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली बंडीच्या खिशात टाकली.

"दुसरा भाग कधी आणतोस?"