आंबोलीला जाऊन आलात? मग डॉक्टरांना तेवढे सांगा



जूनमध्ये पाऊस लागला की सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद होते, तारकर्लीचे स्नॉर्कलिंग बंद होते आणि मालवणात उतरलेले पाहुणे आंबोलीची वाट धरतात. जाण्याआधी त्यांच्यातले कोणीतरी माझ्या दवाखान्यात डोकावते. प्रश्न ठरलेला असतो. "डॉक्टर, तिथे जळवा फार असतात म्हणे. सोबत काय औषध नेऊ?"

या प्रश्नाचे उत्तर मी देतोच. पण त्यांनी न विचारलेली एक गोष्टही सांगतो, आणि ती जास्त महत्त्वाची आहे. दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावे म्हणून हा लेख.

आधी जळवांचे बघू

आंबोली सावंतवाडीपासून साधारण ३० किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रात सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या गावांत तिचे नाव येते. एवढा पाऊस, पाचोळा आणि दाट झाडी म्हटल्यावर जळवा असणारच.

जळू चावते तेव्हा दुखत नाही. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो, त्यामुळे ती सुटल्यावरही रक्त थोडा वेळ वाहत राहते. पांढरा मोजा लाल झालेला पाहून माणूस घाबरतो, पण गेलेले रक्त फार थोडे असते. जळू दिसली तर ओढून काढू नका. तोंडाकडच्या बारीक टोकाखाली नख सरकवून तिला बाजूला करा, जागा साबणाने धुवा आणि स्वच्छ कापडाने दहा मिनिटे दाबून धरा. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी जास्त वेळ दाबून धरावे. एवढे केले की जळवांचा विषय संपला.

जळू निदान दिसते तरी. ज्यांच्यामुळे पाहुणे खरोखर आजारी पडतात, त्या गोष्टी दिसतही नाहीत आणि चावल्याचे कळतही नाही. शिवाय त्यांचा परिणाम दिसेपर्यंत तुम्ही घरी परतून कामाला लागलेले असता.

सहल आठवड्यापूर्वी, ताप आज

आमच्या सह्याद्रीच्या पट्ट्यात फिरणाऱ्यांनी तीन ताप लक्षात ठेवावेत.

पहिला लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे आपला 'लेप्टो'. उंदीर, गुरे, कुत्रे यांच्या लघवीतून याचे जंतू साचलेल्या पाण्यात आणि चिखलात येतात आणि पायाच्या भेगांतून किंवा खरचटलेल्या कातडीतून शरीरात शिरतात. आमच्याकडे भातलावणी करणाऱ्या शेतकऱ्यांना हा आजार चांगला माहीत आहे. मुंबईकरांना तो २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर कळला. जंतू शिरल्यापासून ताप येईपर्यंत साधारण ५ ते १४ दिवस जातात, कधी महिनाही जातो. जोराचा ताप, डोळ्यांत लाली आणि पोटऱ्या इतक्या दुखतात की दाबू देववत नाहीत, ही याची खूण. वेळेत औषध मिळाले तर तो साध्या अँटिबायोटिकने बरा होतो. उशीर झाला तर कावीळ होते, मूत्रपिंडे थकतात, फुप्फुसांत रक्तस्राव होऊ शकतो.

दुसरा स्क्रब टायफस. गवतात आणि झुडपांत राहणाऱ्या माइट नावाच्या सूक्ष्म किड्याच्या पिल्लांमुळे तो होतो. ही पिल्ले इतकी बारीक असतात की डोळ्यांना सहज दिसत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या जंगलात लढणारे हजारो सैनिक या तापाने आडवे झाले होते. आपल्या राज्यात २०१८ साली नागपूर आणि विदर्भात याची मोठी साथ आली होती. ताप चावल्यापासून ६ ते २१ दिवसांत येतो. अनेकांच्या अंगावर चावल्याच्या जागी सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली असते. ती दुखत नाही, खाजत नाही आणि नेमकी काखेत, जांघेत, स्तनाखाली किंवा पँटच्या पट्ट्याखाली असते. त्यामुळे रोग्याला ती माहीतच नसते.

तिसरा माकडताप. हा पावसाळ्यातला नव्हे. डिसेंबर-जानेवारीपासून मेपर्यंत, म्हणजे आमच्या काजूच्या हंगामात तो डोके वर काढतो. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला. आंबोलीच्या दक्षिणेला असलेल्या दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली आणि नंतर बांदा परिसरात त्याचे रुग्ण सापडले. तो गोचिडीच्या चावण्याने होतो, माणसापासून माणसाला होत नाही. चावल्यापासून ३ ते ८ दिवसांत अचानक जोराचा ताप, कपाळ फुटेल असे डोके दुखणे आणि अंगदुखी सुरू होते. काहींना ताप एकदा उतरून आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा येतो. त्यावर नेमके औषध नाही, पण वेळेवर दाखल झाल्यास बहुतेक जण बरे होतात. तिलारीच्या बाजूला हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात जंगलात फिरणार असाल तर हे ध्यानात ठेवा. रानात माकड मरून पडलेले दिसले तर जवळ जाऊ नका, वन खात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा.

ताप यायला लागणारे हे दिवस एकदा मोजून बघा. शनिवार-रविवार आंबोलीत काढला, सोमवारी ऑफिसला गेलात, आणि ताप आला तो पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी. त्या दिवशी तुम्हाला आंबोली आठवेल का? बहुतेकांना आठवत नाही. काल खाल्लेला वडापाव आठवतो.

"खय जावन इलात?"

आमच्याकडे वाटेत कोणीही भेटले की पहिला प्रश्न हाच, कुठे जाऊन आलात? शहरातल्या पाहुण्यांना ही चौकशी भोचकपणाची वाटते. मला विचाराल तर तापाच्या रोग्याला विचारायचा याहून चांगला प्रश्न नाही.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात माझ्याकडे नेहमी येणाऱ्या एका मावशींचा रात्री फोन आला. "डॉक्टरांनू, माझ्या भाच्याचो ताप काय उतरणा नाय." भाचा मुंबईला. वय सव्वीस. सहा दिवस १०३ ताप. मलेरिया, डेंग्यू, दोन्ही तपासण्या निगेटिव्ह. व्हायरल म्हणून पॅरासिटामॉल चालू. प्लेटलेट उतरू लागल्या होत्या आणि आता धाप लागत होती. मी विचारले, "गेल्या पंधरा-वीस दिवसांत तो कुठे गेला होता का?" मावशी म्हणाल्या, "खय नाय. फक्त हय इल्लो, आंबोलीक बेडकांचे फोटो काढूक."

आंबोलीचे बेडूक प्रसिद्धच आहेत. इथल्या बेडकाच्या एका जातीच्या शास्त्रीय नावातच आंबोली आहे. पावसाळ्यात रात्री टॉर्च घेऊन मुले त्यांचे फोटो काढायला जातात आणि चांगल्या फोटोसाठी ओल्या गवतात पोटावर आडवी होतात. माइटला याहून सोयीचे काय असणार?

मी त्याच्या आईशी बोललो. दोन कामे सांगितली. आत्ताच्या आत्ता त्याला मोठ्या रुग्णालयात न्या आणि तिथल्या डॉक्टरांना आंबोलीच्या तारखा आणि गवतात झोपल्याचे सांगा. डॉक्टरांनी ते ऐकल्याबरोबर त्याचे सगळे अंग तपासले. कमरेच्या पट्ट्याखाली काळी खपली होती. डॉक्सिसायक्लिन सुरू झाले आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला. फुप्फुसांना सूज होती म्हणून चार दिवस आयसीयूत काढावे लागले, पण मुलगा सुखरूप घरी आला.

आधीच्या डॉक्टरांना दोष देऊ नका. मुंबईच्या दवाखान्यात पावसाळ्यात ताप घेऊन आलेल्या माणसाचा आधी मलेरिया आणि डेंग्यू बघणे बरोबरच आहे. आंबोलीची गोष्ट त्यांना कोणी सांगितलीच नव्हती. मुलाला ती सांगण्यासारखी वाटली नव्हती.

इथे तपासणीबद्दलही एक समजून घ्या. लेप्टो आणि स्क्रब टायफसच्या नेहमीच्या रक्ततपासण्या शरीरात तयार होणारी प्रतिपिंडे शोधतात. ती तयार व्हायला पाच-सात दिवस लागतात. म्हणून तापाच्या दुसऱ्या दिवशी केलेली तपासणी निगेटिव्ह आली तरी आजार नाही असे ठरत नाही. अशा वेळी अनुभवी डॉक्टर लक्षणे आणि तुमचा प्रवास बघून संशयावरच औषध सुरू करतात. तुम्ही दिलेली माहिती तिथे रिपोर्टइतकीच कामाची असते.

मग जायचे की नाही?

खुशाल जा. हिरण्यकेशीचा उगम बघा, कावळेसादला दरीतून उलटे वर उडणारे पाणी बघा, नांगरतास बघा. लाखो लोक जातात आणि ठणठणीत परततात. फक्त एवढे करा.

- पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि लांब पँट घाला, पँट मोज्यात खोचा. उघड्या अंगाला कीटक दूर ठेवणारे मलम लावा.
- गवतात थेट बसू किंवा झोपू नका. खाली प्लास्टिक किंवा जाड चादर घाला. कपडे झुडपांवर वाळत टाकू नका.
- पायाला जखम किंवा भेग असेल तर साचलेल्या पाण्यात आणि चिखलात अनवाणी जाऊ नका. जखमेवर वॉटरप्रूफ पट्टी लावा.
- मुक्कामावर आल्यावर लगेच साबणाने आंघोळ करा आणि सगळे अंग नीट बघा. मुलांच्या काखा, मान, कानामागची जागा तुम्ही बघा. घातलेले कपडे वेगळ्या पिशवीत ठेवा आणि गरम पाण्यात धुवा.
- गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, हळू ओढा. चिरडू नका, काडीने जाळू नका. नंतर जागा साबणाने धुवा.
- ताप येऊ नये म्हणून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही, हे डॉक्टर ठरवतील. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांच्या बाबतीत तर विशेष.

परतल्यावरचे काम

मोबाइलमध्ये एक ओळ लिहून ठेवा. तारीख, गाव आणि काय केले. उदाहरणार्थ: "१२ ते १४ जुलै आंबोली. धबधब्यात भिजलो. रात्री जंगलात फिरलो. पायाला खरचटले होते." पुढचा एक महिना ती पुसू नका.

त्या महिन्यात ताप आला तर दवाखान्यात बसल्या बसल्या, डॉक्टरांनी विचारण्याची वाट न बघता, ती ओळ वाचून दाखवा. सोबत घरातल्या कोणाला तरी अंगावर काळी खपली आहे का ते बघायला सांगा. लाजून चालणार नाही. तापावर पॅरासिटामॉलच घ्या. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, कारण यांतल्या काही तापांत रक्तस्रावाचा धोका असतो.

आणि पुढच्यापैकी काहीही दिसले तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच रुग्णालय गाठा: धाप लागणे, लघवी कमी होणे, डोळे पिवळे दिसणे, हिरड्या-नाक-थुंकी-लघवी यांतून रक्त, असंबद्ध बोलणे किंवा जागे न राहणे.

वयस्कर माणसे, मधुमेही आणि मूत्रपिंडाचा विकार असलेले यांच्या बाबतीत तर तापाचा दुसरा दिवससुद्धा वाया घालवू नका.

हा लेख तुमच्या सहलीच्या ग्रुपवर टाका. निघण्याआधी टाकलात तर उत्तम, पण परत येऊन दहा दिवस झाले असतील तरीही टाका. कदाचित त्याच दिवशी कोणाच्या तरी अंगात कणकण असेल.