हातात दिलेली नोट

आंबा घाटात धुकं दाटून येतं तेव्हा गाडीतली माणसं काचा खाली करून हात बाहेर काढतात. कुणी गाणं सुरू करतं, कुणी नुसतंच गप्प होऊन दरीकडे पाहत बसतं. त्या वेळी ड्रायव्हरची नजर मात्र रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर खिळलेली असते. आपल्याला धुकं डोळे भरून पाहता येतं, कारण तो ते पाहत नाही.

रात्री मुक्कामाला पोचलो की आपल्या खोल्या ठरलेल्याच असतात. ड्रायव्हरदादा कुठे झोपणार, हे बहुतेक वेळा कुणी विचारलेलंच नसतं. मग सीट मागे पाडायची, काच बोटभर उघडी ठेवायची आणि डास हाकलत पडायचं. सकाळी आपण चहा घेऊन बाहेर येतो तर गाडी धुऊन-पुसून तयार! तमिळनाडू सरकारने २०२३ मध्ये हॉटेलं आणि लॉजना पाहुण्यांच्या चालकांसाठी झोपण्याची, अंघोळीची सोय बंधनकारक केली. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. आपल्याकडेही हे व्हायला हवं.

ट्रॅव्हल्सच्या बिलातला ड्रायव्हरभत्ता म्हणजे त्याच्या जेवणाचे आणि रात्रीच्या मुक्कामाचे पैसे. तो दिला म्हणजे बक्षिशी दिली असं होत नाही. सहल संपली की दिवसामागे दोनशे-तीनशे रुपये मी वेगळे देते, तेही सगळं सामान उतरवून होण्याआधी, मुलांसमोर, त्याचं नाव घेऊन. मुलांनी ते पाहावं असं मला मनापासून वाटतं.

हॉटेलातली गोष्ट थोडी वेगळी. बडीशेपेच्या बशीत सुटे ठेवून उठायची आपली जुनी रीत. आता गल्ल्यावरच्या क्यूआर कोडवर बिल भागतं, बशी रिकामीच परत जाते. त्या कोडवर चार पैसे जास्त टाकले तरी ते मालकाच्या खात्यात जातात. वेटरपर्यंत पोचतील की नाही, कोण सांगणार? बिलात आपोआप लावलेल्या सेवाशुल्काचंही तेच. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये ते सक्तीने लावायला मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती मनाई कायम ठेवली. ते शुल्क काढून घ्यायला सांगणं हा आपला हक्कच आहे. पण तो बजावून वाचलेले पैसे खिशात घालून निघून जाणं मला पटत नाही. ते पैसे ज्याने पाणी आणलं, ताट वाढलं, टेबल पुसलं, त्याच्या हातात पडायला हवेत.

मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आईवडिलांना तिथली पंधरा-वीस टक्क्यांची टीप उधळपट्टी वाटते. तिथल्या केंद्रीय कायद्यात टीप मिळणाऱ्या कामगाराची किमान रोख मजुरी तासाला २.१३ डॉलर आहे आणि १९९१ पासून ती वाढलेली नाही. काही राज्यांनी ती वाढवली, पुष्कळ ठिकाणी वेटरचं घर अजूनही टीपवरच चालतं. तिथे हात आखडता घेणं म्हणजे त्याची मजुरी बुडवणं. उलट जपानमध्ये टीप द्यायची पद्धतच नाही. दिलीत तर बहुधा अदबीने परत करतील. तिथे वाकून आभार मानावेत.

पुढच्या प्रवासाला निघताना पन्नास-शंभरच्या नोटा वेगळ्या काढून ठेवा. आणि खोल्या ठरवतानाच फोनवर विचारा, ‘ड्रायव्हरच्या झोपण्याची सोय आहे ना?’ नसेल तर दुसरं हॉटेल पाहा.