गोडव्याचे परिमाण

मे महिन्यात गोंदियाचा पारा ४२ अंशांपलीकडे जातो, तेव्हा किराणा दुकानातील तांदळाच्या पोत्यांपेक्षा दाराशी ठेवलेला शीतपेयांचा फ्रीजच अधिक वेळा उघडतो. अशाच एका दुकानाच्या गादीवर बसणाऱ्या आजोबांचे आयुष्य वहीखात्यात गेले. मधुमेहामुळे चहातील साखर त्यांनी कधीच सोडली होती. विक्रीतील साखर मात्र कधी मोजली नव्हती.

एके दुपारी शाळेतून आलेल्या नातवाने आंब्याच्या पेयाची बाटली उघडली. "दादाजी, हे तर फळाचेच आहे ना!" आजोबांनी चष्मा लावून बाटलीवरील साखरेचा आकडा वाचला आणि सवयीने बिलातील कराचा दरही पाहिला.

२२ सप्टेंबर २०२५ पासून फसफसणाऱ्या पेयांवर ४० टक्के जीएसटी आहे. हा वाढीव भार नव्हे. पूर्वीचे २८ टक्के आणि १२ टक्के उपकर मिळून तेवढेच होत. त्याच दिवशी वायूविरहित फळपेयांवरील कर मात्र १२ वरून ५ टक्क्यांवर आला. साखर नसलेला कोला ४० टक्क्यांत, साखर घातलेले आंब्याचे पेय ५ टक्क्यांत! म्हणजे कर पेयाच्या वर्गावर आहे, साखरेच्या ग्रॅमवर नाही. ब्रिटनने एप्रिल २०१८ पासून १०० मिलिलिटरमधील साखर पाहून आकारणी सुरू केली. तेव्हा अनेक कंपन्यांनी आपणहून साखर कमी केली. ३०० मिलिलिटर कोलात सुमारे ३० ग्रॅम साखर असते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या मोजमापाचे महत्त्व कळते.

देवरी-सालेकसाच्या मजुरानेच हा कर का सोसावा, ही शंका रास्त आहे. परंतु मधुमेहाच्या औषधांचा खर्चही त्याच घरावर पडतो. म्हणून कर साखरेच्या प्रमाणात असावा आणि त्याचा पैसा आरोग्यासाठीच राखून ठेवावा, हेच न्याय्य.

श्रावकाच्या बारा व्रतांत भोगोपभोग-परिमाण सांगितले आहे. तेथे सर्वस्वी त्यागाची सक्ती नाही, मर्यादेचा निश्चय आहे. आजोबांनी फ्रीज काढला नाही. ताक आणि पाणी दर्शनी खणात आले, गोड पेये खाली गेली. शाळेच्या गणवेशातील मुलाला ती विकायची नाहीत, असे त्यांनी नोकराला बजावले.

महिनाअखेर त्या खात्यातील नफा घटला. मुलाने नापसंती दर्शविली. आजोबांनी खाते शांतपणे मिटले आणि दुसऱ्या दिवशीही नियम तोच ठेवला. कराचा दर शासन ठरवील. आपल्या दुकानाचे परिमाण मात्र आपणच ठरवावयाचे असते.